मागच्या साथीबद्दल समाधानी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण फलक छापणारा प्रेसवाला अजूनही तिचं निम्मं श्रेय स्वतःकडे घ्यायला बघतो.

आमची संस्था साथीच्या रोगांवर संशोधन करते. ज्या वस्त्यांपर्यंत दवाखाना, पाणी आणि सरकारी गाडी यांतलं काहीच वेळेवर पोचत नाही, त्यांनी पुढची साथ येण्याआधी काय तयारी करावी, असा विषय. संस्थेच्या प्रमुख मॅडमनी त्यासाठी गोदामांमागची वस्ती निवडली होती. मागच्या साथीत सूचना देणारी भोंग्याची गाडी तिथल्या गल्लीत शिरलीच नव्हती. ती तोंडाशी उभी राहून ओरडली, वाऱ्याने शेवटचा 'नका' उडवून नेला, आणि वस्तीला नुसतं 'घराबाहेर पडू' एवढंच ऐकू आलं. लोक पडले.

वस्तीत घरोघर फिरण्याआधी एक फलक लावायचा होता. मॅडमच्या कच्च्या मजकुरात 'महामारी' असा शब्द होता. मी म्हणालो, "मॅडम, महामारी म्हटलं की माणूस दार लावून घेतो. साथ म्हणूया. घरगुती शब्द आहे."

"तुम्हीच लिहा मग. तुमची भाषा चांगली आहे," मॅडम म्हणाल्या.

आमच्या छोट्या गावातल्या शाळेत मी निबंधात कायम पहिला यायचो. वर्गात निबंध पूर्ण करणारे आम्ही दोघेच होतो, ही गोष्ट मी नोकरीच्या अर्जात लिहिली नव्हती. मी रात्रभर शब्द घोटले आणि सकाळी फलक तयार झाला:

'पुढच्या साथीसाठी तुमची तयारी आहे का? एकटे राहणाऱ्यांना प्राधान्य. वयाची अट नाही. माहिती गुप्त राहील. आजच नाव नोंदवा.'

खाली हात धुण्याचं चित्र टाकायला सांगितलं होतं. प्रेसवाल्याकडे ते नव्हतं. त्याच्याकडे हातात हात घेतल्याचं होतं. "हात आहेत ना? मग झालं," असं म्हणून त्याने तेच टाकलं, आणि भोवती वेलबुट्टीची चौकट फुकटात काढून दिली.

सोमवारी वस्तीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयात मी टेबल मांडून बसलो, तर बाहेर ही रांग! संशोधनाला रांग लागलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आणि सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. एका रिटायर कंडक्टरने तर अत्तर लावलं होतं. एक पेटीवाला मात्र थेट पुढे घुसला आणि म्हणाला, "साथीला माणूस हवाय असं वाचलं. मी गाणाऱ्याला साथ करतो, पण गाण्याची पट्टी काळी चारच्या वर जायची नाही." त्याला काय ते सांगेपर्यंत पहिला माणूस खुर्चीत येऊन बसला होता.

हे चावीवाले. बाजाराच्या जिन्याखाली कुलपं दुरुस्त करतात, चाव्या घासतात. मिशांना काळा रंग त्याच सकाळी लावला असावा, कारण वरचा ओठही काळा झाला होता.

"या काका."

"येतो. पण काका नको म्हणूस. निदान आज तरी."

मी प्रश्न सुरू केले. "घरात माणसं किती?"

"मी एकटाच. खोली स्वतःची. भिंतीला ओल नाही."

"काही दुखणं?"

"छे! गुडघा आहे, पण बसलेल्या माणसाचा गुडघा कळत नाही."

"वेळ आली तर पंधरा दिवस दार लावून, कुणालाही न भेटता राहता येईल?"

चावीवाले चक्क लाजले. "पंधरा दिवस? धंदा बंद ठेवावा लागेल. पण तशी पद्धत असेल तर ठेवू."

"तोंड झाकून वावरायची तयारी आहे?"

"का बरं?" ते दुखावले. "एवढं काही वाईट नाहीये."

"बरं. मागच्या साथीचा अनुभव कसा होता?"

"चांगला होता. खोटं कशाला बोलू? तक्रारीला जागा नाही."

मी आनंदाने लिहिलं: मागच्या साथीबद्दल समाधानी. असं उत्तर आमच्या संस्थेला कुणी दिलं नव्हतं.

"एकवीस वर्षांची साथ होती," ते पुढे म्हणाले. "शेवटी शेवटी तिला ऐकू कमी यायचं. त्यामुळे तर आणखीच जमायचं आमचं."

माझं पेन थांबलं. चावीवाले टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले, "पलीकडून कुणी नाव दिलंय का?"

"कुठून पलीकडून?"

"बायकांकडून रे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उभा राहिलो आणि रांगेला सांगितलं की साथ म्हणजे रोगाची साथ, तापाची, खोकल्याची. कंडक्टर म्हणाला, "मग एकटे राहणाऱ्यांना प्राधान्य कशाला? आम्हीच आधी मरायचं का?" रांग मोडली. जाताना प्रत्येकाने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मुलगी दाखवून मीच नकार कळवला.

रांगेच्या शेवटी एक बाई उरल्या. चावीवाल्यांच्या शेजारी, त्याच जिन्याखाली यांचं रद्दीचं दुकान. हातात माझा फलक होता, उपटून आणलेला.

"हा मजकूर कुणी लिहिलाय?"

"मी."

"असू दे. मी त्यासाठी नाही आले. कागद जाड आहे. उरलेले टाकायचे असतील तर माझ्याकडे आणा." मग त्यांचं लक्ष चावीवाल्यांच्या मिशीकडे गेलं, आणि तोंडावर पदर घेऊनही त्यांचं हसू सगळ्या वाचनालयाला ऐकू गेलं. "अगं बाई! चावीवाले, तुम्हीही? लागली का मग कुठल्या कुलपाला?"

"तुमच्यासारखी गंजलेली सोडून बघतोय," चावीवाले म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

या दोघांचं भांडण जुनं. चावी घासली की पितळेचा कीस उडतो, तो बाईंच्या रद्दीवर बसतो. बाई रोज संध्याकाळी तो झाडून चावीवाल्यांच्या बाकड्याखाली लोटतात. चावीवाले म्हणतात, माझा कीस धरून तुम्ही रद्दीचं वजन वाढवता. बाई म्हणतात, तुमच्या चावीने दार उघडायला माणसाला खांदा लावावा लागतो. सकाळी नळावरही दोघांच्या बादल्या मागेपुढे असतात, त्यामुळे दिवसाची सुरुवात तिथूनच होते.

चावीवाल्यांना ही विद्या मामाकडून मिळाली. मामाने घरी आणलं ते शाळेत घालायला. शाळेचं दार पहिल्याच दिवशी अडकलं, ते भाच्याने केसाच्या आकड्याने उघडलं, आणि मामाने त्याला तिथूनच बाकड्यावर बसवला, असं ते सांगतात. एकदा एका बड्या साहेबाची तिजोरी नुसतं कान लावून उघडली, असंही सांगतात. दर वेळी साहेबाचा हुद्दा एक पायरी वर चढतो. माणसं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, चाव्या राहतात. मी स्वतःची ओळख करून दिली तेव्हा त्यांना काही बोध झाला नाही. माझ्या खोलीची चावी दाखवली तर म्हणाले, "हां हां, डावीकडचा दात झिजलेला. ओळखतो की तुला."

तर मी घोटाळा केला तो एवढ्यावर थांबला असता. पण चावीवाल्यांनी वाचनालयात येण्याआधी उत्साहाच्या भरात थोरल्या बहिणीला फोन केला होता: 'ताई, नाव नोंदवायला चाललोय.' ताई राहतात दुसऱ्या गावात, मुलं-सुना-नातवंडांत. त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हजर झाल्या. हातात रिकामी बॅग.

कंडक्टरने मला निरोप दिला, "जा, तुझ्यामुळे म्हाताऱ्याचं सामान बांधलं जातंय." मी धावत गेलो. चावीवाले खोलीच्या पायरीवर कानस मांडीवर घेऊन बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. आत ताई भांडी कागदात गुंडाळत होत्या. खोली लहान, पण काय टापटीप! खिडकीला, डब्याला, पाण्याच्या पिंपालासुद्धा कुलूप.

"तू कोण?" ताईंनी विचारलं. "स्थळं आणणारा?"

"नाही हो. मी संशोधन करतो."

"कशावर?"

"साथीवर."

"मग तेच म्हणतेय मी."

मी घाम पुसत सगळं समजावून सांगितलं. साथ म्हणजे रोगाची. लग्नाचा विषयच नाही. चूक माझी. ताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

"म्हणजे ती साथ पुन्हा येणार आहे?"

"आज ना उद्या कुठली तरी येणारच. म्हणून तर आम्ही आधीच—"

"आणि तेव्हा याच्याकडे कोण बघणार?"

हाच आमचा मुख्य प्रश्न. 'आजारपणात तुमच्याकडे कोण बघेल?' चावीवाल्यांच्या कागदावर त्यापुढची जागा कोरीच होती, आणि मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण ताईंसमोर येईना.

"मग ठरलं," ताईंनी पातेलं पुन्हा उचललं. "लग्न असतं तर एक वेळ ठेवलाही असता. मागच्या साथीत हा तापाने पडला, आणि मला कळलं कधी? बरा झाल्यावर! धाकट्या, ऊठ. चादरी काढ."

"ताई, अगं मी केलं ना निभावून," चावीवाले पायरीवरून म्हणाले.

"पुन्हा निभवशील याची हमी दे. एका माणसाचं नाव सांग. दुपारच्या गाडीपर्यंत. नाहीतर चल."

मी चावीवाल्यांना बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "तू बघितलं नाहीस तिचं गाव. दिवसभर सगळी दारं सताड उघडी. कुलूप लावलं तर शेजारी रागावतात. तिथे मी काय करू? नातवंडांच्या सायकलींना तेल घालू?" आणि जिन्याखालची जागा एकदा रिकामी दिसली, की बाजारवाले दुसऱ्याला देणार, हे त्यांनी न सांगताही मला माहीत होतं. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण कधीचा टपून होता.

मी गल्लीत नाव शोधत फिरलो. संशोधनाची इतकी घाई मला कधी झाली नव्हती. कंडक्टर म्हणाला, "मीच कुणी बघेल का म्हणून रांगेत उभा होतो, विसरलास?" पेटीवाला म्हणाला, बघेन, पण लग्नसराई सोडून. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "चावीवाल्यांसाठी काय वाटेल ते करीन," आणि नाव लिहून घ्यायला पेन काढलं तर तो आत साखर मोजायला गेला तो गेलाच.

मी हात हलवत परत आलो. ताई बॅगेची चेन ओढत होत्या, आणि चावीवाले शेवटचा उपाय करत होते. म्हणजे फुशारकी.

"अगं ताई, मागच्या साथीत मला कुणाची गरज पडली का? ताप डोक्यात गेलेला, तरी रोज पहाटे उठायचो, नळावर जायचो, बादली भरून आणायचो. एकटा! कुणाचं बोट लागलं नाही."

गल्लीच्या पलीकडच्या खिडकीत काहीतरी आपटलं.

"उठायचो?" रद्दीवाल्या बाई तिथल्या दारात आल्या. "कोण उठायचा? हा? हा माणूस?"

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका," चावीवाले घाईने म्हणाले.

"का पडू नको? पाणी मी वाहायचं आणि उठायचो म्हणे!" त्या पायरीपर्यंत आल्या. "ताई, तुम्ही बहीण ना? ऐका. त्या दिवशी नळावर माझी बादली याच्या बादलीच्या जागी सरकली आणि कुणी ओरडलं नाही. मी म्हटलं, काय झालं? म्हणून दार वाजवलं. मी म्हटलं, मेलात का? तर आतून म्हणतो, अजून नाही. म्हटलं, मग भांडं बाहेर ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ भरून दाराशी ठेवलं. आणि वर हा आतून ओरडायचा, भांड्याला पोचा पाडू नका म्हणून!"

"पाडलात ना पण," चावीवाले पुटपुटले.

"जुनाच होता तो!"

ताई पायरीवर बसल्या. "आणखी?" त्यांनी विचारलं.

बाईंना एवढंच हवं होतं. "आणखी म्हणजे काय? सकाळी खात नाही, नुसत्या चहावर बाकड्यावर जाऊन बसतो आणि अकरा वाजता चक्कर येते म्हणून कण्हतो. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या चाव्यांच्या डब्यात टाकतो, मग कीस झटकून खातो. डाव्या गुडघ्याला तेल लावतो आणि लोकांना सांगतो, कुलपाचं होतं, सांडलं. गार वारा सुटला की खोकतो आणि म्हणतो कीस घशात गेला. माझ्या रद्दीचा वास आणि याच्या घशाचा कीस, सगळ्याला मीच कारण!"

ताई माझ्याकडे वळल्या. "काय रे सर्वेवाल्या, तुझ्या त्या प्रश्नापुढे हिचं नाव लिही."

"माझं?" बाई किंचाळल्या. "मी कशाला बघू याच्याकडे? मेले तरी नाही!"

"मी तरी कुठे म्हणतोय," चावीवाले म्हणाले.

"धाकट्या, गप्प बस. चेन उघडीच आहे बॅगेची," ताई म्हणाल्या. मग बाईंना म्हणाल्या, "तुम्हाला याचं काही करायला नको. रोज सकाळी याचा आवाज आला की नाही तेवढं बघा. नाही आला तर ओरडा."

बाईंनी थोडा विचार केला. "ओरडायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण पाणी दाराशीच ठेवीन. आत पाऊल टाकणार नाही. कौतुक करून घेणार नाही. आणि कीस माझ्या बाजूला आला तर करार रद्द."

"ओरडताना पोच्याचा विषय काढायचा नाही," चावीवाले म्हणाले.

"काढणार."

"मग आठवड्यातून एकदा."

हे सगळं मी लिहून घेत होतो. पेन कधी काढलं ते मलाच कळलं नाही.

तेवढ्यात ताईंनी विचारलं, "आणि हा आत बेशुद्ध पडला तर? दार कोण उघडेल?"

सगळे चावीवाल्यांकडे बघायला लागले. ज्या माणसाने निम्म्या गावाच्या दारांच्या चाव्या घासल्या, त्याच्या स्वतःच्या खोलीची चावी एकच होती. ती गळ्यात दोऱ्याला. बायको गेली तेव्हा तिच्याकडची त्यांनी वितळवून टाकली होती, म्हणे कुणाच्या हाती नको लागायला.

ते बराच वेळ त्या चावीशी चाळा करत राहिले. मग उठले आणि जिन्याखाली गेले. आम्ही मागोमाग. पकडीत कोरी चावी धरली, गळ्यातली शेजारी लावली, आणि कानस चालू झाली. एरवी चावी घासताना ते साहेबाची तिजोरी उघडतात. त्या दिवशी तिजोरी बंदच राहिली. घासायचं, डोळ्यांसमोर धरायचं, फुंकर मारायची, पुन्हा घासायचं. फुंकर मारताना मात्र ते मान उलट्या बाजूला, बाजाराच्या रस्त्याकडे वळवत होते. रद्दीवर कणभर कीस गेला नाही. बाईंनी ते पाहिलं. एका बडबड्या गिऱ्हाइकाच्या रद्दीचं वजन करत बसल्या, पण काटा बराच वेळ तसाच लोंबत होता.

चावी बाईंनी स्वतः जाऊन लावून बघितली. कुलूप पहिल्याच झटक्याला उघडलं. बाईंनी दार पुन्हा ओढून घेतलं, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली. "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. चावीवाले दिवसभर त्या 'ठीक आहे'वर तरंगत होते.

दुपारच्या गाडीने ताई परत गेल्या, रिकामी बॅग घेऊन. मी पोचवायला गेलो होतो. पायरीवर पाय ठेवून त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे मला यावं लागलं. आता तू एक करायचं. दर पंधरवड्याला मला फोन. दोघं भांडतायत की नाही, तेवढं सांगायचं. भांडत असली की मी निश्चिंत." मी होकार दिला. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, "शब्द दिलायस हं!"

मॅडमना मी सगळं सांगितलं. फलक तेवढा वगळला. प्रेसवाल्याने तो आधीच त्यांना पाठवला होता. तरी त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. त्या म्हणाल्या, आपण सगळीकडे विचारतो, तुमचे जवळचे नातेवाईक कोण, मित्र कोण. आणि एकट्या माणसांची ती जागा रिकामीच येते. मग प्रश्न बदलला. आता आम्ही विचारतो, 'रोज कुणाशी वाजतं?' ही जागा अजून कुणीही रिकामी सोडलेली नाही. उलट जादा कागद जोडावा लागतो. अशा जोड्यांची आम्ही वस्तीत यादी केली आणि त्यांना समोरासमोर बसवून विचारलं, उद्या हा दिसला नाही तर तुम्ही काय कराल? बहुतेकांचं पहिलं उत्तर, सुटलो म्हणेन. दुसरं उत्तर, दार वाजवीन. आम्ही दुसरं लिहितो. कंडक्टर आणि पेटीवाला यांची अशीच जोडी लागली आहे. पेटीवाला रियाज करतो आणि कंडक्टर भिंत ठोकतो. भिंत शांत राहिली तर पेटीवाल्याने जाऊन बघायचं, असं ठरलंय.

ताईंना मी सुरुवातीला इमानाने फोन केले. "भांडले?" "हो ताई, परवा काट्यावरून." "बरं झालं." एवढंच बोलणं. एकदा मी त्यांना नळावरचं भांडण फोनवरून थेट ऐकवलं. त्या मध्येच म्हणाल्या, "याचा आवाज बसलाय, काढा घे म्हणावं."

पण गेल्या आठवड्यात नळावर गेलो तर दोन्ही बादल्या एकामागे एक, आणि आवाज नाही. आमच्या संशोधनाप्रमाणे ही धोक्याची खूण. मी घाबरून जिन्याकडे धावलो. दोघंही धडधाकट होते. चावीवाले बाईंच्या रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून चहा पीत होते, बाई वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचून दाखवत होत्या, आणि चावीवाले मान डोलवत होते. मिशी पुन्हा काळी. मला बघून बाईंनी वाचन थांबवलं.

"काय रे, काय हवंय?"

"काही नाही. भांडण ऐकू आलं नाही म्हणून आलो."

"मग? आता तुझ्यासाठी भांडू का?" चावीवाले म्हणाले. बाईंनी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली.

पंधरवडा उलटून वर दोन-तीन दिवस झालेत. ताईंना काय सांगायचं, ते मला सुचत नाहीये. भांडत नाहीत म्हटलं तर त्या पुढच्या गाडीने रिकामी बॅग घेऊन येतील, आणि का भांडत नाहीत ते सांगितलं तर बहुधा आहेराने भरलेली घेऊन. फोन करायचा राहिलाय.